सहा लिव्हरचा राग

मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझ्या पोटात सहा लिव्हर आहेत, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या सहा पट्ट्या, अंगावर अकरा ओरखडे आहेत आणि डाव्या कोपऱ्याला एक खोल पोचा आहे. तो पोचा बत्त्याचा आहे. तो कसा आला, हे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलू लागल्या की त्या उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री उसासे टाकते, जुने घड्याळ उसासे टाकते. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे, आणि माझा राग गंजलेला नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला साच्यात ओतले, कानशीने घासले, आणि एका चष्मेवाल्या कारागिराने माझे सहाही लिव्हर एकेक करून बसवले. शेवटी त्याने किल्ली फिरवली, माझ्या पोटातून ‘टक’ असा आवाज आला आणि तो म्हणाला, “हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही.” तो माझा जन्मदाखला.

मी गेलो ते किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात. दुकान एवढेसे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, खाली किल्ली कापायचे मशीन, आणि दिवसभर माणसांची रांग. कुणाची कपाटाची किल्ली हरवलेली, कुणी स्वतःच्याच घराबाहेर अडकलेले. दुकानदाराला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. गिऱ्हाईक रडवेले होऊन यायचे आणि हसत जायचे. उस्तादने मला दुकानाच्या दारालाच लावले होते. कुणी विचारले की तो म्हणायचा, “स्वतःच्या दुकानाला लावतो ते कुलूप कसं असेल बघा.” मी फुगून जायचो. एकोणीस वर्षे मी त्या दारावर होतो. दोनदा चोर आले. दोनदा हात हलवत गेले.

मला किल्लीशिवाय फक्त एकाच माणसाने उघडले आहे. उस्तादच्या बायकोने.

गिऱ्हाइके तिला ‘वहिनी’ म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. ती मशीनवर बसून किल्ल्या कापायला शिकली होती. एका दुपारी दुकानात कुणी नव्हते. दुकान उघडे होते, म्हणून मी आतल्या कपाटाच्या कडीला नुसता बंद लटकत होतो. तिने एक तार घेतली, टोकाशी वाकवली, मान तिरकी केली आणि माझ्या पोटातले ऐकत बसली. पहिला लिव्हर, दुसरा, तिसरा. सहावा उचलला गेला तेव्हा मी स्वतःच थक्क झालो. ती एकटीच हसली, मला पुन्हा बंद केले आणि तार केसांत खोचली. तिने कुणाला सांगितले नाही. नवऱ्याचा त्या कुलपावर किती जीव आहे, हे तिला माहीत होते.

ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. तिला मला उघडता येत होते.

पुढे दुकानाला लोखंडी शटर आले, त्याला नवे कुलूप आले, आणि मी खणात बिनवारशी किल्ल्यांच्या ढिगात जाऊन पडलो. तिथून मला दुकानातले सगळे ऐकू यायचे. वहिनीचा श्वासही. तो जड झाला होता. मुलगी झाल्यावर तिचे वजन वाढत गेले ते थांबेना. लोक तिच्यासमोरच बोलत. “वहिनी, स्टूल नवीन आणा, हे बिचारं किती दिवस टिकणार.” ती हसायची. हसताना मशीन जरा जोरात फिरवायची.

साखर वाढली, गुडघे सुजले, झोपेत श्वास अडकू लागला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. तिचे पोट आतून लहान केले, आतड्याची वाट वळवली. ती परत आली तेव्हा वाटीभर जेवणही तिला दोन वेळा पुरत होते. वर्षभरात तिचे वजन इतके उतरले की जुनी गिऱ्हाइके विचारू लागली, “वहिनी नाहीत का आज?” आणि वहिनी समोरच बसलेल्या असत. कौतुकाचा नुसता पाऊस. स्टूलवरून टोमणा मारणारा तोच माणूस म्हणाला, “वा, याला म्हणतात जिद्द.” उस्ताद ऑपरेशनाच्या आधीचा फोटो मोबाइलमध्ये काढून गिऱ्हाइकांना दाखवायचा, जसे पूर्वी मला दाखवायचा.

मग एके दिवशी खण उघडला. उस्तादने मला बाहेर काढले, फडक्याने पुसले, तेल सोडले. मला वाटले, नवे शटर बिघडले असणार, माझी आठवण झाली. मी किती खूश झालो होतो, हे आठवले की मला आजही स्वतःची चीड येते.

त्याने मला घरी नेले आणि स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या कपाटाला लावले.

कपाटाला त्याने आधी स्क्रूने कडी-कोयंडा बसवला. वहिनी दारात उभी होती. उस्तादची आई, म्हणजे आजी, खुर्चीवर बसून देखरेख करत होती. भिंतीवर एक कॅलेंडर होते आणि त्यावर लाल पेनाने काही फुल्या मारलेल्या होत्या.

“बघ, सूनबाई,” आजी म्हणाली, “मी उगाच बोलत नाही. परवा तीन बिस्किटं, काल जॅमची अर्धी बाटली, आज सकाळी साखर. चमच्याने. एवढं पोट कापून घेतलंस आणि जीभ तशीच ठेवलीस.”

“आई, मला कळत नाही काय होतं ते,” वहिनी म्हणाली. “बाकीच्या दिवशी आठवणही येत नाही. मग एकदम असं होतं की दुसरं काही सुचतच नाही. खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, तरी...”

“तरी खातेस. तेच म्हणते मी.”

उस्ताद स्क्रू पिळत म्हणाला, “अगं, तुझ्याच भल्यासाठी आहे. महिनाभर लावून ठेवू. सवय मोडेल.”

वहिनीने कपाटाचे दार स्वतःच लोटले. मग म्हणाली, “लावा. माझाच माझ्यावर भरवसा नाही.”

किल्ली फिरली. ‘टक’. त्या आवाजाची मला जन्मभर ऐट होती. त्या दिवशी तो मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

हा माणूस दिवसभर परक्यांची दारे उघडतो. कुणी बाहेर अडकले म्हणून भर जेवणावरून उठतो. त्यावर लोक त्याला दुवा देतात. आणि तोच घरी येऊन स्वतःच्या बायकोच्या भुकेला कुलूप लावतो, किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवतो आणि ताटावर बसतो. किल्लीवाल्याचे घर ना. तिथे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर.

महिन्याचे तीन महिने झाले. मला तारखा कळत नाहीत, पण हात कळतात. बरेच दिवस वहिनीचा हात माझ्याकडे यायचाही नाही. ती माझ्यासमोरून जायची, भाजी चिरायची, गाणे गुणगुणायची, कपाटाकडे ढुंकूनही बघायची नाही. आणि मग ओळीने चार-पाच दिवस असे यायचे की ती पाणी प्यायला म्हणून यायची आणि माझ्यावर तळहात ठेवून उभी राहायची. गरम, ओलसर हात. तिच्या केसांत तार असायची. मला ती दिसायची. वीस मोजेपर्यंत तिने मला उघडले असते. मी मनात म्हणायचो, उघड गं बाई, मी आवाजही करणार नाही. ती हात काढून घ्यायची आणि निघून जायची. ते दिवस गेले की पुन्हा गाणे.

हे मला कळत होते, मित्रांनो. पितळेच्या गोळ्याला कळत होते की हे रोजचे नाही, हे येते आणि जाते. घरात आणखी तीन माणसे होती, मग हे कुणालाच का कळू नये? आजीला तर फुल्याही मारता येत होत्या. वहिनीने बाहेर कुठे काही खाल्ले, दुकानात गिऱ्हाइकाच्या पुड्यातले एक बिस्किट उचलले, की उस्ताद येऊन सांगायचा आणि आजी पेन उघडायची.

घरात आठ वर्षांची मुलगी होती. सारखी प्रश्न विचारत भुणभुण करते म्हणून तिला सगळे ‘भुंगा’ म्हणत. एका संध्याकाळी तिने दुधाची बशी बाजूला सारली.

“आजी, मी जाड झाले तर मलापण कुलूप लावणार?”

“तू कशाला जाड होतेस.”

“पण झाले तर?”

आजी म्हणाली, “गप पी ते दूध.” भुंग्याने दूध प्यायले नाही. त्यानंतर ती पोळीही मोजून मागू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी एका कपाटाला लटकलेलो नाही. मी त्या पोरीच्या ताटावरही लटकलो आहे.

आता बत्त्याचा दिवस.

पुन्हा ते दिवस आले होते. उस्तादने सकाळी एका माणसाची अडलेली तिजोरी उघडून दिली आणि त्याने खुशीने चॉकलेटचा डबा आणून दिला. डबा मशीनशेजारी राहिला, हे मी नंतर ऐकले. वहिनीने उभ्या उभ्या पाच खाल्ली. मग तिला घाम आला, पोटात कळ आली, आणि ती शरमेने काही न बोलता घरी आली. जेवलीही नाही. शिक्षा म्हणून, स्वतःला. दोन तासांनी तिचे हात थरथरू लागले.

हॉस्पिटलात त्यांना बजावून सांगितले होते की ऑपरेशननंतर असे होऊ शकते. गोड भराभर खाल्ले तर आधी घाम येतो आणि नंतर रक्तातली साखर एकदम खाली जाते. म्हणून ग्लुकोजचा डबा हाताशी ठेवा. तो डबा घरात होता. आजीने तो कपाटात ठेवला होता. “गोडच ना तेही,” ती म्हणाली होती. आणि कपाटाला मी होतो.

वहिनी माझ्यासमोर जमिनीवर बसली. चेहरा पांढराफटक, ओठ ओले. तिने केसांतली तार काढली. पहिल्यांदाच. तिने तार माझ्या भोकाशी आणली आणि ती बाजूला घसरली. पुन्हा आणली, पुन्हा घसरली. जे बोट लिव्हरचा श्वास ओळखायचे, त्याला भोकही सापडेना. अकरा ओरखडे म्हणालो ना, त्यांतले चार तिथले आहेत.

“आजी,” भुंगा ओरडली, “आई कशीतरीच करतेय.”

आजी आली आणि तिच्या हातातली जपमाळ गळून पडली. तिने फोन लावला. उस्ताद शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी गाडी उघडत होता. किल्ली त्याच्या कमरेला. “अर्ध्या तासात पोचतो,” तो म्हणाला. आजी शेजारी धावली. शेजारच्या दाराला कुलूप होते. तेही आमच्याच दुकानातले.

“आई, झोपू नकोस, माझ्याशी बोल,” भुंगा म्हणत होती. वहिनी काहीतरी पुटपुटत होती. मला नीट ऐकू आले. ती म्हणत होती, “मी नाही उघडलं. मी खरंच नाही उघडलं.”

आजीने बत्ता उचलला आणि माझ्यावर घातला. एक. दोन. तीन. मी तुटलो नाही. मी कसा तुटणार, मित्रांनो? मला न तुटण्यासाठीच घडवले होते. चोरांसमोर मी ज्या मजबुतीची मिजास मारली, तीच मजबुती आता एका बाईच्या आणि चमचाभर साखरेच्या मध्ये उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की आपण कच्चे असायला हवे होतो.

“आजी, कुलपावर नको,” भुंगा रडत म्हणाली. “कोयंड्यावर मार. स्क्रूवर.”

किल्लीवाल्याची पोर. पाचव्या घावाला लाकूड फाटले, कोयंडा निखळला आणि मी कडीसकट खाली पडलो. आजीने डबा उघडला, भुंग्याने पाण्यात ढवळले, दोघींनी मिळून पाजले. दहा-पंधरा मिनिटांनी वहिनीच्या डोळ्यांत ओळख आली. आजी फरशीवर पाय पसरून बसली होती. बत्ता अजून तिच्या हातात होता. ती वहिनीला म्हणाली, “खा आता काहीतरी. दही आहे, पनीर आहे. काहीही खा.”

दुसऱ्या दिवशी सगळे हॉस्पिटलात गेले. मीही गेलो, पिशवीतून. कारण ऐका. उस्तादचा बेत असा होता की हॉस्पिटलातून परस्पर दुकानात जायचे, आणि तिथला मजबूत कोयंडा घ्यायचा आणि संध्याकाळी मला पुन्हा कपाटाला लावायचे. “यावेळी ग्लुकोज बाहेर ठेवू,” तो आजीला म्हणाला. इतके झाल्यावर त्याला एवढाच धडा मिळाला होता. पिशवीत माझ्याशेजारी आजीचे कॅलेंडर होते, गुंडाळून रबर लावलेले. डॉक्टरांनी विचारले तर दाखवायला.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी ते टेबलावर पसरले; पिशवीच्या उघड्या तोंडातून मला दिसत होते.

“हे लाल काय आहे?”

“चोरून खाल्लं ते दिवस,” आजी म्हणाली, पण नेहमीच्या जोराने नाही.

“चोरून? स्वतःच्या घरात?”

मॅडमनी पाने मागे उलटली, पुढे उलटली. मग त्यांनी वहिनीला विचारले, “पाळी कोणत्या तारखांना आली होती?”

मित्रांनो, या शब्दाला मान खाली घालू नका. तुमच्या घरात आई असेल, बहीण असेल. तो तिच्या शरीराचा दर महिन्याचा हिशोब आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

वहिनी म्हणाली, “नऊ. मग आठ. मग गेल्या महिन्यात सहा.”

मॅडमनी तिन्ही तारखांवर बोट ठेवले. प्रत्येक तारखेच्या आधी चार-पाच लाल फुल्या, खेटून. त्यानंतर सगळा महिना कोरा.

“म्हणजे परवा-तेरवा येणार,” मॅडम म्हणाल्या. “ऑपरेशनच्या आधी पाळी कशी होती?”

“सहा-सहा महिने यायचीच नाही.”

“आता दर महिन्याला येते. म्हणजे शरीर ताळ्यावर येतंय. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीरातलं रसायन बदलतं, भूक वाढते, गोडाची ओढ लागते. पुष्कळ बायकांना होतं. ऑपरेशननंतर काहीजणींना ते फार तीव्र जाणवतं, आणि तुम्हाला ते नव्यानेच होतंय. पोट लहान केलंय हो, बाईमाणूस तर तेवढंच आहे ना आत.” त्यांनी आजीकडे पाहिले. “तुम्ही इतकं नेमकं टिपून ठेवलंत. नुसतं वाचलं असतंत तर दुसऱ्याच महिन्यात तुम्हाला कळलं असतं.”

मग त्यांनी विचारले, “ग्लुकोज द्यायला उशीर का झाला?”

उस्तादने खाली बघत पिशवीत हात घातला आणि मला काढून टेबलावर ठेवले. माझा आवाज मोठा झाला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. चोरांनी माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

“हे माझ्या टेबलावरून उचला,” एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे त्यांनी कागदावर लिहून दिले. उपाशी राहायचे नाही. दर तीन तासांनी थोडे, आधी अंडे, दूध, पनीर असे काही. त्या दिवसांत तर ठरवून, ओढ लागायच्या आधीच. ग्लुकोज पर्समध्ये. रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांची भेट, कारण असे हात थरथरणे पुन्हा होऊ द्यायचे नाही. आणि तारखा वहिनीने स्वतः लिहायच्या.

आजी रिक्षाने घरी गेली. उस्ताद आणि वहिनी दुकानात आले. मी अजून तुटक्या कडीत बंद होतो. कालच्या गोंधळात माझी किल्ली जुडग्यातून काढली होती, ती घरीच राहिली होती. उस्ताद खणात दुसरी किल्ली शोधू लागला.

वहिनीने स्टूल ओढले, तार घेतली, टोकाशी वाकवली. आज तिचा हात स्थिर होता. मान तिरकी करून तिने ऐकले. मी श्वास रोखून एकेक लिव्हर तिच्या स्वाधीन केला. ‘टक’.

उस्तादचा हात खणातच राहिला.

“तुला हे कधीपासून येतं?”

“लग्नाच्या पहिल्या वर्षापासून.”

“मग तीन महिने तू...”

“तुम्ही लावलं होतं ना. मला वाटलं, सगळे म्हणताहेत तर मी चोरच असेन.” तिने कडी काढून त्याच्यापुढे ठेवली. “अहो, एक ऐका. हे परत घरात आलं, तर मी ते उघडणार नाही. या शटरला लावीन आणि किल्ली घेऊन माहेरी जाईन. बसा मग गिऱ्हाइकांना उत्तरं देत.”

पाळी तिसऱ्या दिवशी सकाळी आली, हे मला दुकानातल्या बोलण्यातून कळले. आजीने कॅलेंडरकडे पाहिले आणि लाल पेन खिडकीतून फेकून दिले. ओढ काही गेली नाही. ती दर महिन्याला येते. आता त्या दिवसांत आजी स्वतः अंडे उकडते, बशी आदळते आणि म्हणते, “खा. मॅडमनी सांगितलंय.” कधी अंड्यानंतरही वहिनी दोन बिस्किटे खातेच. कुणी फुली मारत नाही. भुंगा अजूनही ताटाकडे बघून जरा थांबते. ते जायला वेळ लागेल.

आणि माफी? मी कान देऊन बसलो होतो. कुणीही मागितली नाही. उस्तादने कपाटाचे फाटलेले लाकूड मात्र पुट्टी भरून, घासून, रंगवून दिले. त्यालाच तो माफी समजत असावा. मी समजत नाही. म्हणून माझा राग अजून तसाच आहे.

आता मी दुकानातल्या काउंटरवर असतो, माझी वरची वाकडी दांडी, म्हणजे कमान, उघडी. मित्रांनो, मला तेल द्या, फडक्याने पुसा, पावसापासून जपा. दाराला लावा, सायकलीला लावा, मी हाडे मोडेपर्यंत राखण करीन. पण घरातले माणूस पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन अडखळत असेल, तर त्याला कोंडायच्या आधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. काय होते, कधी होते, ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.

आणि कुणाच्या भुकेला लावण्यासाठी मला उचललेत, तर सांगून ठेवतो. कमान बंद करताना बोट सांभाळा.